पाचला आलेल्यालाही पूर्ण हजेरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या सदरात दोन पत्रं खालीवर छापून आली होती. वरच्या पत्रलेखकांचं म्हणणं असं की ख्रिस्ती लोक सुवार्ता सुवार्ता म्हणतात ते दुसरंतिसरं काही नसून गोरगरिबांना गळाला लावायचं आमिष आहे. खालच्या बाईंनी आमची बाजू घेतली, त्यांचे आभार, पण बाजू अशी घेतली की येशूने तरी वेगळं काय सांगितलं, प्रेम करा, क्षमा करा, शेजाऱ्याला मदत करा, सगळ्याच संतांनी हेच सांगितलंय, मग वाद कशाला. वरचं पत्र वाचून डोकं तापलं हे खरं पण त्याची आता सवय झालीय. खालचं पत्र मात्र डोक्यातून जाईना, कारण आमच्यातलेच निम्मे लोक विचारलं तर असंच काहीतरी उत्तर देतील, आणि नाताळच्या पुरवणीत तुम्ही छापता तेही हेच असतं, केकची रेसिपी, सांताक्लॉज आणि डोंगरावरच्या प्रवचनातलं एखादं गोड वाक्य. म्हणून लिहायला बसलोय. लांबलं तर कात्री लावा, पण मजुरांचा भाग तेवढा ठेवा.

मी नगरचा, आता अहिल्यानगर म्हणायचं. घरात ख्रिस्ती धर्म पणजोबांपासून. थिऑलॉजी वगैरे शिकलेलो नाही, रविवारी उपासनेला जाणारा आणि मागच्या बाकावर बसणारा माणूस आहे, तेव्हा पाळकसाहेबांसारखं नीटनेटकं सांगता येणार नाही.

सुवार्ता म्हणजे शब्दशः चांगली बातमी. तुमचा धंदाच बातम्यांचा, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल. पेपरात पहिल्या पानावर बातमी असते आणि आत कुठेतरी चौकटीत आजचा सुविचार असतो. बाहेरच्या लोकांना वाटतं सुवार्ता म्हणजे तो चौकटीतला सुविचार. आमच्या लेखी ती पहिल्या पानावरची आहे. अमुक करा तमुक करू नका हे सगळं नंतर येतं, आधी येतं ते हे की एक गोष्ट घडलीय. पौल हा सुरुवातीच्या काळातला येशूचा प्रेषित, त्याने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, जे पहिलं पत्र लिहिलं ते इ.स. ५५ च्या आसपासचं, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिलं त्याला जेमतेम पंचवीस वर्षं झालेली, बघणारे बरेच जण अजून जिवंत, त्या पत्राच्या १५ व्या अध्यायात त्याने अख्खी सुवार्ता चार ओळीत सांगून टाकलीय. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठला, पेत्र नावाच्या शिष्याला दिसला, बारा शिष्यांना दिसला, मग पाचशेहून जास्त लोकांना एकदम दिसला. बास. आणि तो असंही म्हणतो की हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये, मला मिळालं तसं तुम्हाला दिलं. पुढे तर सरळ लिहितो की ख्रिस्त उठलाच नसेल तर तुमचा विश्वास फुकट गेला. हे मला फार आवडतं. धर्माच्या बाबतीत असं कोण बोलतं हो, की ही एक गोष्ट खोटी निघाली तर बाकीचं सगळं सोडून द्या? आता कोणाला हे पटणार नाही, नका पटवून घेऊ, म्हणा की असलं काही झालंच नाही, मेलेला माणूस उठत नसतो. तो वाद निदान समोरासमोरचा आहे. पण सगळ्यांनी प्रेमच शिकवलं असं म्हणून पाठीवर हात फिरवला की वाद तर मिटतोच, आमची सुवार्ताही मिटते.

बरं घडलं ते घडलं, दोन हजार वर्षांपूर्वी, यरुशलेमात, त्याचा नगरच्या माणसाशी काय संबंध? इथे ते मजूर येतात. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, २० व्या अध्यायात येशूने सांगितलेली गोष्ट आहे. एक द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणायला जातो, एका दिनारावर बोली ठरते, दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मग नऊला परत जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि कामाची सुट्टी व्हायला तासभर राहिलेला असताना पाचला पुन्हा जातो, तरी तिथे काही माणसं उभीच. तो विचारतो दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो पण ते कळलं चौकातला मजूर अड्डा बघून. सकाळी सातला तिथे शे-दोनशे माणूस असतं, कोणाच्या हातात थापी, कोणाच्या पिशवीतून ओळंब्याचा दोरा लोंबतोय, बायकांच्या डोक्यावर पाटीत डबा ठेवलेला. ठेकेदाराचा टेम्पो आला की आधी धडधाकट पोरं उचलली जातात, मग गवंडी, मग बायका. दहा वाजता जाऊन बघा कोण उरतं. एखादा म्हातारा, एखादा ज्याचा हात लुळा आहे तो, कडेवर पोर असलेली एखादी. त्यांना काम नको असतं म्हणून ते उरत नाहीत, त्यांना कोणी घेत नाही. आणि घरी तेल-मीठ तर त्यांनाही तेवढंच लागतं.

गोष्टीतला मालक संध्याकाळी सांगतो, शेवटच्याला आधी पैसे द्या. पाचला आलेल्याला पूर्ण दिनार. मग पहाटे आलेल्यांना वाटतं आपल्याला जास्त मिळणार, त्यांनाही एकच दिनार. ते कुरकुर करतात, आम्ही दिवसभर उन्हात मरमर मेलो आणि ह्यांना आमच्या बरोबरीला बसवलं. मालक म्हणतो ठरलं तेवढं तुला दिलंय ना, मग मी ह्याला दिलं तर तुझ्या पोटात का दुखतं?

आमच्या मंडळीत एक रिटायर्ड काका होते, साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून नोकरी झालेली. हा शास्त्रपाठ ज्या रविवारी यायचा त्या रविवारी बाहेर पडताना ते ठरलेलं बोलायचे, "आमच्या कारखान्यात असं वाटप केलं असतं ना, दुसऱ्या दिवशी गेटवर संप." सगळे हसायचे, मीही. पण काका म्हणत होते ते बरोबर होतं आणि येशूला तेच दाखवायचंय असं मला वाटतं. हा हिशोब कुठल्याच कारखान्यात बसत नाही. आपण सगळे आयुष्यभर हजेरीपत्रक घेऊन फिरतो, मी एवढं केलं, त्याने काही केलं नाही, आणि देवाच्या दारातही तेच पत्रक घेऊन जातो. सुवार्ता सांगते की तिथे ते पत्रक कोणी मागत नाही. तुझं देणं होतं ते दुसऱ्याने, म्हणजे येशूने, स्वतःच्या जिवाने फेडलंय, तू फक्त हात पुढे कर. आमच्याकडे ह्याला कृपा म्हणतात, आणि ऐकायला गोड वाटली तरी पहाटेपासून राबणाऱ्याला ती जरा झोंबतेच. येशूच्या शेजारी वधस्तंभावर जो चोर होता त्याने आयुष्यात एकही चांगलं काम केल्याचं बायबलात लिहिलेलं नाही. त्याने एवढंच म्हटलं की तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. त्याला उत्तर मिळालं, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. बाप्तिस्मा नाही, वर्गणी नाही, रविवारची हजेरी नाही. मागच्या बाकावरच्या माणसाला ह्याचा किती आधार वाटतो काय सांगू.

आणि हे ख्रिस्ती घरात जन्मून आपोआप कळतं असंही नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला नेहमी आठवतं. एवढी संस्कृतची विदुषी, कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती पदवी दिलेली, विधवा, कडेवर छोटी मुलगी, ती इंग्लंडला जाते आणि १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेते. तिथल्या सिस्टर लंडनमध्ये अशा बायकांना सांभाळत होत्या ज्यांना समाजाने बदनाम म्हणून टाकून दिलं होतं. रमाबाईंनी विचारलं तुम्ही ह्यांच्यासाठी एवढं का करता, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना दूर ठेवत त्या समाजातल्या, बाईची गोष्ट वाचून दाखवली, पाच नवरे झालेली बाई, भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली, जिच्याशी येशू स्वतःहून बोलला आणि प्यायला पाणी मागितलं. हे एवढं सगळं होऊनसुद्धा रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत काय लिहिलं, तर बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आता बोला. धर्म बदलला, नाव नोंदवलं, काम सुरू केलं, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, आणि तरी सुवार्ता पोचली नव्हती असं ती बाई स्वतः म्हणते. पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली सांभाळता सांभाळता त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, खेड्यातल्या अडाणी बाईला ऐकून कळावं म्हणून सोप्या मराठीत. १९२२ ला वारल्या तोपर्यंत तेच काम चाललेलं.

आता वरच्या पत्राकडे येतो. आमिष. अहो, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या अनुसूचित जातीच्या सवलती जातात. शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला त्या आदेशात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणजे दाखल्यावर धर्म लिहिला की स्कॉलरशिप गेली, राखीव जागा गेली, हे कसलं आमिष ज्यात खिशातलंच जातं? हां, इतिहासात पोटासाठी लोक आले का, आले. १८७६ च्या मोठ्या दुष्काळात आणि पुन्हा १९०० च्या सुमाराला नगर जिल्ह्यात मिशनने अन्न दिलं, अनाथ पोरं सांभाळली, गावकुसाबाहेरच्या महार-मांगांच्या पोरांना शाळेत बसवलं, आणि त्यातले पुष्कळ जण ख्रिस्ती झाले. आमचे पणजोबा त्याच लाटेतले. ते भाकरीसाठी आले की येशूसाठी हे मला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर त्यांनाही वेगळं करून सांगता आलं नसतं. पाचला आलेल्या मजुराला तरी मालकाने कुठे विचारलं, की तू कामाच्या ओढीने आलास का पैशाच्या?

पण वरच्या लेखकांचं सगळंच खोडून काढत नाही. मंडप टाकून चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभा, भरवणारे काही वक्ते आमच्यात झालेत, लाउडस्पीकरवर सांगतात की प्रार्थना करा व्हिसा मिळेल, दान द्या दुप्पट होऊन येईल, ते ऐकून मला लाज वाटते. ज्या येशूला डोकं टेकायला जागा नव्हती त्याच्या नावाने फ्लॅटची गॅरंटी. ही सुवार्ता नाही, ही स्कीम आहे. आणि जात आम्ही देवळाबाहेर चपला सोडाव्यात तशी सोडून आलो असंही कोणी समजू नये, सोयरीक जमवताना अजूनही हळूच विचारलं जातं, मूळचे कोण? एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्यांच्यात. त्याबद्दल आमच्या पाळकांनी जेवढं बोलायला पाहिजे तेवढं ते बोलत नाहीत.

तरी मग ही बातमी रोजच्या जगण्यात कुठे उपयोगी पडते, तर मला ती सगळ्यात जास्त कबरस्तानात लागली. वडील गेले तेव्हा पावसाळा होता, खड्ड्याच्या कडेची काळी माती चिकट झालेली, पाळकसाहेबांच्या डोक्यावर कोणीतरी छत्री धरलेली आणि ते तोच करिंथच्या पत्रातला १५ वा अध्याय वाचत होते, अरे मरणा तुझी नांगी कोठे? पेटी खाली उतरवली, प्रत्येकाने मूठमूठ माती टाकली, आणि बायकांनी गाणं धरलं, वह्या न उघडता. आमचे शेजारी आले होते, चांगले जुने संबंध, त्यातल्या एकाने नंतर विचारलं, तुमच्यात मयताला गाणी कशी काय म्हणतात? आम्ही रडलो नाही असं अजिबात नाही, आई तर कोसळलीच होती. पण त्या वेळी मला प्रेम करा, क्षमा करा ह्याचा काही उपयोग नव्हता. एकच गोष्ट ऐकायची होती, ती कबर रिकामी सापडली होती की नाही. ती सापडल्याचं पहिल्यांदा सांगितलं बायकांनी, ज्यांच्या साक्षीला त्या काळात फारशी किंमत नव्हती आणि शिष्यांनाही आधी ती बडबडच वाटली. कोणाला रचूनच सांगायची असती तर त्याने साक्षीदार जरा वजनदार निवडले असते, असं आपलं मला वाटतं.

तर विनंती एवढीच की नाताळची पुरवणी काढता तशी एकदा ईस्टरलाही, म्हणजे येशू उठला त्या सणालाही, अर्धं पान द्या. आणि चौकात फ्लेक्स लावणाऱ्या पुढाऱ्यांना कोणीतरी सांगा की हॅपी गुड फ्रायडे असं नसतं, हेतू चांगला असतो पण अहो तो मरणाचा दिवस आहे. वरच्या पत्रलेखकांना माझं आमंत्रण, येत्या गुड फ्रायडेला जवळच्या कुठल्याही मराठी चर्चमध्ये येऊन बसा. नाव कोणी विचारणार नाही, फॉर्म भरून घेणार नाहीत. वधस्तंभावरचे सात उद्गार असतात, त्यावर सात वक्ते बोलतात. पाण्याची बाटली बरोबर आणा, एप्रिलचं ऊन आणि पंखे नावालाच. बारा ते तीन अशी वेळ छापलेली असते, साडेतीन धरून चाला, तिसरा वक्ता कधीच वेळेत संपवत नाही.

आपला,
एक जुना वाचक, अहिल्यानगर