बाबांच्या वयाविषयी

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा "सत्तरीला टेकलेल्या माणसाला नवे यकृत कशाला?" असे म्हणून तुम्ही फोन ठेवलात. बोलण्यात तुमच्यापुढे माझे चालत नाही, म्हणून लिहितो आहे.

मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवण्याची 65 वर्षांची मर्यादा केंद्र सरकारने 2023 मध्ये उठवली आणि अधिवासाची अटही काढली. त्यामुळे तुमचे वय किंवा गोव्यातल्या डिचोलीचा पत्ता आड येऊ नये. तुमच्या रक्ततपासणीवरून यकृताचा आजार किती गंभीर आहे हे सांगणारा जो मेल्ड गुणांक काढतात, त्यात तर वयाचा रकानाच नाही.

वयाला काहीच महत्त्व नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. नीट पारखून निवडलेल्या सत्तरीच्या रुग्णांतही नवे यकृत चांगले चालते, किंबहुना प्रतिकारशक्ती मंदावलेली असल्याने शरीराने ते नाकारण्याचे प्रमाण कमीच असते. परंतु पुढील वर्षांत हृदयविकार, जंतुसंसर्ग आणि कर्करोग त्यांना तरुणांपेक्षा अधिक गाठतात, शिवाय शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून जन्मभर घ्यायच्या टॅक्रोलिमससारख्या औषधांचा ताण मूत्रपिंडांवर पडतो. म्हणूनच डॉक्टर तुमचे हृदय बारकाईने तपासतील, अंगातली ताकद पाहायला मुठीची पकड मोजतील आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला लावतील.

आई, पथ्य म्हणून तू बाबांची डाळ आणि अंडी बंद केली आहेस, ती कृपया पुन्हा सुरू कर. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर होत जाण्याच्या बाबांच्या या आजारात, प्रथिने तोडण्याची समजूत आता मागे पडली आहे. रात्रभराच्या उपासात असे शरीर स्वतःचेच स्नायू खाते, म्हणून निजण्यापूर्वीही काहीतरी पोटात जायला हवे. पोटात पाणी साठते आहे तोवर पेजेबरोबरचे चेपणीचे तोर, म्हणजे त्या मिठात मुरवलेल्या कैऱ्या, मात्र नकोच. (बाबा रागावतील, रागावू देत.)

तू स्वतःचे यकृत देऊ केलेस, पण साठीपुढच्या दात्याला बहुतेक केंद्रे घेत नाहीत. माझा रक्तगट बाबांचाच आहे. उजवा भाग, म्हणजे सुमारे 60 टक्के यकृत, काढतात आणि उरलेले काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होते. त्यात दात्याच्या जिवाला थोडा धोका असतोच. तो तुमच्या सुनेला सांगूनच मी होकार दिला आहे, तेव्हा ते कारण बाबांनी पुढे करू नये.

शुक्रवारी रात्रीच्या बसने निघतो. जुन्या सोनोग्राफीची फाईल काढून ठेवा, आणि बाबा, शनिवारी सकाळी दारापुढच्या बलकावातल्या त्या खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून दाखवा.

तुमचा,
बाळ