ईक्यूचे आकडे देताना सॅम्पल रेटही छापा

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पुरवणीत घरच्या घरी रेकॉर्डिंग करण्यावर जे लेख येतात ते मी आवर्जून वाचतो, पण त्यात ईक्यूचे (आवाजातला ठरावीक हर्ट्झचा भाग कमी-जास्त करणाऱ्या साधनाचे) आकडे असतात, इथे इतके डेसिबल वाढवा तिथे इतके कमी करा, आणि प्रोजेक्ट कुठल्या सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घेऊन होतं, ते कुणी लिहीतच नाही. मग तसा आवाज आला नाही की नवी पोरं आपल्याच कानाला दोष देत बसतात, याचं खरंच वाईट वाटतं.

होतं काय की ईक्यूच्या आतल्या फिल्टरला हर्ट्झ कळतच नाहीत, त्याला फक्त एकामागून एक येणारे सॅम्पल कळतात. तुम्ही 1000 हर्ट्झ लावलं की प्लगिन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला छोटा प्रोग्राम, इथे ईक्यू) त्याला सॅम्पल रेटने भागून आपलं गणित मांडतं. आता बनवणाऱ्याने कोडमध्ये 44100 कायमचं लिहून ठेवलं आणि तुमचं प्रोजेक्ट 48000 वर असेल तर तो 1000 चा उंचवटा 1088 ला जातो, 96000 वर तर पार 2177 ला, आणि स्क्रीनवर मात्र 1000 च दिसत राहतं! बेल (म्हणजे घंटेच्या आकाराचा तो उंचवटा) रुंद असेल तर पटकन लक्षातही येत नाही, पण 50 हर्ट्झचा हम (विजेची गुणगुण) काढायला अरुंद नॉच (तेवढाच भाग कापणारा फिल्टर) लावला असेल तर तो 54 च्या पुढे सरकतो आणि हम आहे तिथेच. ओव्हरसॅम्पलिंगमध्येही (प्लगिन आतल्या आत जास्त रेटवर चालतं तेव्हा) हेच, आत दुप्पट रेट चालू आहे हे फिल्टरला सांगितलं नाही तर सगळं एक सप्तक वर.

तपासणं सोपं आहे. व्हाइट नॉइज (सगळे हर्ट्झ सारखेच असलेला खरखराट) लावा, 1000 वर अरुंद क्यू (उंचवट्याची रुंदी ठरवणारं बटण) ठेवून 12 डेसिबल वाढवा, पुढे स्पेक्ट्रम अॅनालायझर (कुठल्या हर्ट्झला किती आवाज ते दाखवणारा आलेख) ठेवा आणि उंचवटा कुठे येतो ते बघा, मग रेट बदलून परत बघा. सरकला तर प्लगिन काढून पुन्हा टाका, त्याने जागेवर आला तर रेट बदलल्यावर प्लगिन नव्याने गणित करत नाही असं समजा आणि बनवणाऱ्याला तसं स्पष्ट कळवा. आणि गाण्याची पट्टीच साधारण दीड सेमीटोन चढली असेल तर ईक्यूच्या मागे लागू नका, 44100 ची फाइल 48000 समजून वाजतेय.

फक्त वरचा भाग, म्हणजे 10 हजार हर्ट्झच्या पुढचा, वेगळा वाटतो आणि खालचं सगळं बरोबर आहे, असं असेल तर तो बिघाड नाही. 44100 ला त्याच्या निम्मे, म्हणजे 22050 हर्ट्झ, ही शेवटची हद्द, तिच्याजवळ बऱ्याच डिजिटल ईक्यूची बेल दबून अरुंद होते. तिथे ओव्हरसॅम्पलिंग चालू केलं की बराच फरक पडतो.

तेव्हा पुढच्या लेखात आकड्यांशेजारी सॅम्पल रेट आणि ओव्हरसॅम्पलिंग चालू होतं की बंद, एवढं नक्की छापा.

आपला एक नियमित वाचक