बाबा, आता माझीही सही असणार आहे

प्रिय आई आणि बाबा,

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. बाबांचा आवाज चढला की मला नीट मांडता येत नाही, लहानपणापासूनचंच आहे ते. आधी खरं सांगून टाकते, मॅनेजरच्या पोस्टला मी मागच्याच आठवड्यात नाही म्हणून कळवलंय. रविवारी तुमचं मत विचारत होते तेव्हा सगळं ठरलेलं होतं आणि ते लपवलं ह्याचंच जास्त टोचतंय. एक तारखेपासून नवीन ठिकाणी जॉइन होतेय. लहान टीम, पगार थोडा कमी, आणि काम परत सॉफ्टवेअरचा कोड लिहायचं. तुमच्या औषधांचं, रात्रीच्या ताईंचं, मेडिक्लेमचं सगळं आधीसारखंच चालेल, दोनदा हिशोब घातलाय, त्याची काळजी अजिबात करू नका.

बाबा तुम्ही म्हणालात, बारा वर्षं झाली अजून कोडच काय लिहायचा, आणि त्याला इंजिनिअरिंग तरी म्हणू नकोस, पुलाच्या ड्रॉइंगवर सही असते, तुमच्यात सही कोण करतं? आई मागून म्हणाली, तिच्या हातात कला आहे, करू दे तिला. मी रात्री उशिरापर्यंत दोघांचंही घोळवत बसले होते.

बाबा, तुमचं बरंचसं बरोबर आहे. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव गाजलं ते १९६८ मध्ये, जर्मनीत गार्मिशला नाटोने परिषद भरवली तेव्हा, आणि ते मुद्दाम डिवचण्यासाठीच निवडलं होतं, की बाकीच्या इंजिनिअरिंगमध्ये जी शिस्त आहे ती इथे का नाही. अमेरिकेत तर २०१३ साली सॉफ्टवेअरवाल्यांसाठी इंजिनिअरच्या लायसन्सची परीक्षा सुरू केली आणि बसणारेच इतके थोडे निघाले की २०१९ मध्ये बंद केली. तुम्हाला कोणी विचारलं मुलगी काय करते तर तुम्ही अडखळता ना, ते मला माहितीये. डायक्स्ट्रा म्हणून ह्या क्षेत्रातला फार मोठा माणूस, १९५७ साली लग्नाच्या कागदावर त्याने व्यवसाय 'प्रोग्रॅमर' लिहिला तर अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑफिसने असा व्यवसायच नाही म्हणून नाकारलं, शेवटी भौतिकशास्त्रज्ञ लिहावं लागलं त्याला.

पण रोज हाताने जे होतं ते मी आईकडूनच शिकलेय. आई, तू फ्रॉक शिवून झाला की उलटा करून आतली शिवण बघायचीस आणि टीप वाकडी असली की उसवायचीस, मी रडायचे की आत कोण बघणार आहे, मला आत्ता घालायचाय. आम्हीही चालणारा कोड उसवतो आणि परत शिवतो, बाहेरून काही फरक दिसत नाही, पण पुढच्या वेळी हात घालणाऱ्याला कळतं. आणि तू शिवणीत जादा कापडाची माया सोडायचीस, पोर वाढणार म्हणून. १९९६ च्या ४ जूनला एरियन ५ रॉकेट उडाल्यावर चाळीसएक सेकंदांत फुटलं, कारण दिशा सांभाळणारा कोड आधीच्या एरियन ४ चा तसाच उचलला होता, नव्याचा आडवा वेग जास्त, तो आकडा ३२,७६७ पर्यंतच मावेल एवढ्या जागेत कोंबला गेला आणि मावला नाही. जुन्या मापाचा कपडा नव्या अंगावर, आणि माप परत कोणी घेतलंच नाही. हे वाचलं तेव्हा मला तुझी मापाची वही आठवली.

आता खरं कारण. हॉस्पिटलातल्या त्या अकरा दिवसांत बाबांच्या कॉटशेजारी तो पंप होता, औषधाचे थेंब मोजून सोडणारा. तुम्ही झोपलात की मी त्याच्या आकड्यांकडे बघत बसायचे आणि मनात एकच, हा कोड कोणी लिहिला असेल, त्या दिवशी त्याला घरी जायची घाई तर नव्हती? थेरॅक-२५ नावाचं रेडिएशनचं मशीन होतं, १९८५ ते ८७ मध्ये सहा जणांना भयंकर जास्त डोस गेला त्यातून. आधीच्या मशीनमध्ये चूक झाली तर अडवणारी हार्डवेअरची कुलपं होती, ती काढून सगळं सॉफ्टवेअरवर सोपवलेलं, आणि ऑपरेटरने भराभर टाइप करून एन्ट्री दुरुस्त केली की ते गोंधळायचं. बाबा, तुम्ही फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणता तोच काढून टाकला होता.

मी आता तसल्याच पंपाचा कोड लिहिणार आहे. त्याला आयईसी ६२३०४ नावाचं, वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठीचं स्टँडर्ड लागू आहे, ज्यात चुकीने जीव जाऊ शकतो ते सगळं सी क्लासमध्ये धरतात, आणि आमच्याकडे प्रत्येक बदल कोणी केला, कोणी तपासला ह्याची नोंद सहीसकट राहणार. आधीच्या ऑफिसात रिलीजची तारीख आली की टेस्टिंग कापायचे, मीही गप्प बसायचे, मॅनेजर झाले असते तर मलाच कापायला लागलं असतं. ते मला जमलं नसतं, बाबा. तुम्ही ड्रॉइंग सही न करता परत पाठवलं होतंत आणि मग घरात जे वर्ष गेलं ते मी बघितलंय.

कलेचं आई, तू म्हणतेस तेही आहे गं. डोनाल्ड कनूथ ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे आमच्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा मान, घेताना भाषणच त्यावर केलं, प्रोग्रॅमिंग ही कला आहे म्हणून. एखादी गोष्ट दोनशे ओळींवरून चाळीसवर येते तेव्हा खरंच डोळे भरून येतात. पण पंपाला ते सौंदर्य पुरणार नाही.

पहिले तीन महिने मला लांब सुट्टी मिळणार नाही, रागावू नका. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करीन. बाबा, बीपी सकाळी चहाच्या आधी मोजायचं आणि वहीत लिहायचं, अंदाजे नाही. आणि जिन्यावरचा बल्ब स्वतः बदलायचा नाही. आई, चष्म्याचा नंबर तपासून घे, तोपर्यंत रात्री मशीनवर बसायचं नाही म्हणजे नाही, आणि गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाहीये.

अजून एक, बाबा. पंपात काय काय बिघडू शकतं ह्याची यादी आम्ही आधी करतो. पंपाचं नाव-गाव काढून मी एक साधी यादी स्वतः बनवून पाठवते, तुम्ही लाल पेनाने बघाल का? माझं काय सुटलंय ते तुम्हाला दिसेल.

तुमची,
चिमणी