‘विंडोज ११ सपोर्टेड’ म्हणून विकलेले संगणक सुरूच होत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : दहा रिफर्बिश्ड डेस्कटॉप बदलून मिळणे अथवा पूर्ण रक्कम परत मिळणे.

महोदय,

मी वाई येथे संगणक टंकलेखनाचे वर्ग चालवते. गेल्या उन्हाळ्यात आपल्याकडून दहा रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतले. जाहिरातीत आणि बिलावरही ‘विंडोज ११ सपोर्टेड’ असे स्वच्छ छापले आहे. विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती, म्हणूनच तर ही खरेदी केली. त्या दहांपैकी सहा आज बंद आहेत आणि आपल्या सेवा केंद्राने सांगितलेले एकही कारण तपासणीत टिकलेले नाही.

संगणक आले तेव्हा त्यांत विंडोज ११ ची २३एच२ ही आवृत्ती होती. हळू का होईना, चालत होती. ११ नोव्हेंबर २०२५ ला तिचीही मुदत संपली. नवी आवृत्ती आपोआप येईना, म्हणून विचारणा केली, तेव्हा आपण २४एच२ चा पेन ड्राइव्ह पाठवलात. चार संगणकांवर ती बिनबोभाट बसली. उरलेल्या सहांवर विंडोजची खूण दिसते, स्क्रीन काळी होते आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हे चक्र वीज बंद करेपर्यंत थांबत नाही. एररचा कोड नाही, संदेश नाही, दुरुस्तीचा पर्यायही येत नाही.

मग सेवा केंद्राचे सल्ले सुरू झाले. पेन ड्राइव्ह खराब असेल म्हणाले. त्याच पेन ड्राइव्हने चार संगणक झाले होते. रॅम काढून खोडरबरने घासायला लावली. तीही घासली. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, आयडीईवरून एएचसीआयवर न्यायला सांगितले, तर डिस्कवरची चालू असलेली २३एच२ सुद्धा ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळी पडली. मोड मीच पूर्ववत केला, तेव्हा ती उठली. शेवटी आपला माणूस सहाही डिस्क काढून घेऊन गेला. केंद्रात त्यांवर २४एच२ टाकली, ती सुरू झाल्याचा व्हिडिओ मला पाठवला आणि डिस्क परत आणून बसवल्या. इथे पुन्हा तेच. त्यावर उत्तर आले, “मॅडम, तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे.”

चालणारे आणि न चालणारे संगणक एकाच टेबलावर, एकाच यूपीएसवर आहेत. तरी म्हटले, बघू. बंद संगणकातली डिस्क चालू संगणकात लावली. लगेच सुरू झाली. चालू संगणकातली बंद संगणकात लावली, काळी स्क्रीन. म्हणजे डिस्क ठीक, विंडोज ठीक, वीजही ठीक. आता राहिला प्रोसेसर. चालणाऱ्या चारांत इंटेलचा पहिल्या पिढीचा कोअर आय५ आहे. बंद सहांत कोअर २ ड्युओ ई८४०० आहे, जानेवारी २००८ चा.

२४एच२ च्या गाभ्याला (कर्नलला) पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना, म्हणजे प्रोसेसरला द्यायच्या आज्ञा, समजणारा प्रोसेसर लागतो. इंटेलने त्या २००८ च्या अखेरीस नेहालेम पिढीपासून दिल्या. ई८४०० मध्ये एसएसई ४.१ पर्यंतच मजल आहे. प्रोसेसरची माहिती दाखवणारे सीपीयू-झेड उघडा, एसएसईची यादी तिथेच संपते. न समजणारी सूचना समोर आली की गाभा सुरुवातीलाच कोलमडतो. नव्या आवृत्तीची दुरुस्तीची स्क्रीन त्याच गाभ्यावर चालते, म्हणून तीही येत नाही. विंडोज ११ ची टीपीएमची (सुरक्षा चिपची) अट म्हणजे दारावरचा पहारेकरी, त्याला चुकवून आत शिरता येते. इथे पुढे जिनाच नाही. बायोस, रजिस्ट्री किंवा खोडरबर यांपैकी कशानेही प्रोसेसरला ही सूचना शिकवता येणार नाही.

आणि पहारेकरी चुकवला गेलाच होता. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.०, सिक्युअर बूट असलेले यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अशा अटी २०२१ पासून जाहीर केल्या आहेत. माझ्या दहांपैकी एकही संगणक त्या पुऱ्या करत नाही. म्हणजे विंडोज टाकतानाच आपल्याकडे तपासणी वगळली गेली. आवृत्ती आपोआप का येत नव्हती, याचेही उत्तर यातच आहे. हौशी माणसे घरच्या जुन्या संगणकावर असे प्रयोग करतात, त्यांना धोका माहीत असतो. आपण ते करून वर ‘सपोर्टेड’ छापले आणि पैसे घेतले. आज चालणारे चारही याच माळेतले आहेत, म्हणून माझी तक्रार दहांबद्दल आहे.

सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही, असे आपण ईमेलमध्ये कळवले आहे. सॉफ्टवेअर बिघडलेलेच नाही. जे यंत्र त्यासाठी योग्य म्हणून विकले ते योग्य नाही. सील तुटल्याचा मुद्दा काढू नये, ते आपल्याच माणसाने तोडले आहे. पुन्हा विंडोज १० टाकून देण्याची तयारीही मला मान्य नाही. तिची वाढीव सुरक्षा घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळते, आणि त्यासाठी पुन्हा वेगळी नोंदणी आलीच. परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेची तयारी करणारी माझी मुले सध्या चार संगणकांवर पाळ्या लावून बसतात. फी मात्र त्यांनी पूर्ण भरली आहे.

आठव्या किंवा पुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० असलेले, मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणारे दहा संगणक द्यावेत, नाहीतर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून सातारा जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ‘व्यावसायिक वापर’ ही पळवाट आपले वकील सुचवतील, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चे कलम २(७) त्यांना दाखवावे. स्वयंरोजगारातून उपजीविका करणारी व्यक्ती ग्राहकच ठरते. तक्रार मी राहते तिथे करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात शुल्क नाही.

संगणक नेण्या-आणण्याचा खर्च आपला राहील. चालू चार संगणकांच्या डिस्कवर विद्यार्थ्यांची माहिती आहे. ती मी काढून घेऊन पुसल्याशिवाय ते कुरिअरच्या हाती देणार नाही, त्यामुळे माणूस पाठवण्याआधी दोन दिवस फोन करावा.

आपली,
संचालिका, संगणक टंकलेखन वर्ग, वाई

सोबत : बिलाची व जाहिरातीची प्रत, दोन्ही प्रकारच्या संगणकांवरील सीपीयू-झेडची छायाचित्रे, डिस्क अदलाबदलीचा व्हिडिओ, सेवा केंद्राचे ईमेल.