चर्चमधली कलाकेंद्रे आणि सांगलीतल्या कुलूपबंद वास्तू

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील एका जुन्या पॅरिश चर्चचे रूपांतर तिथल्या वस्तीच्या कलाकेंद्रात झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत तिच्यावर बरीच चर्चा झाली आणि तिकडे लोकांनी देव सोडला म्हणून चर्च नाटकवाल्यांच्या हाती गेले, यावर बहुतेकांचे एकमत झाले. माझे झाले नाही. पस्तीस वर्षे सांगलीत हौशी नाटक करणाऱ्या मला त्या बातमीत देवापेक्षा छप्पर अधिक दिसले, म्हणून हे पत्र.

उपासना थांबलेल्या चर्चचे पुढे काय करायचे, हे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत ख्रिस्ती धर्मसंस्थेत, कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. १९६८ च्या कायद्याने त्याची रीत घालून दिली आहे. प्रस्ताव जाहीर होतो, हरकती मागवल्या जातात आणि त्या विचारात घेऊनच निर्णय होतो. ज्या वास्तू मोलाच्या आहेत पण सांभाळायला कोणी नाही, त्यांच्यासाठी १९६९ मध्ये वेगळा निधी उभारला गेला आणि त्यातून पुढे आलेल्या विश्वस्त संस्थेकडे आज साडेतीनशेहून अधिक चर्च आहेत. लंडनमधील सेंट ल्यूक्स हे १७३३ चे चर्च जमीन खचू लागल्याने १९५९ मध्ये बंद झाले, पुढे त्याचे छप्परही उतरवावे लागले आणि सुमारे चाळीस वर्षे नुसत्या भिंती पावसात उभ्या होत्या. २००३ मध्ये तिथे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संगीतशिक्षण केंद्र सुरू झाले. फांद्या फुटल्यासारख्या पोलादी खांबांनी नवे छप्पर तोलले आहे आणि त्याखाली आजूबाजूची माणसे, वाद्यवृंदात कधीही न बसलेली, इंडोनेशियाचे गॅमेलान, म्हणजे धातूच्या घंटा-थाळ्यांचा वाद्यमेळ, वाजवायला शिकतात.

ब्रिस्टलमधील सेंट पॉल्स मी मुलीकडे गेलो असताना स्वतः पाहिले. अठराव्या शतकाच्या अखेरच्या या चर्चमध्ये आता सर्कशीची शाळा भरते. भिंतीवर दिवंगतांचे संगमरवरी स्मृतिलेख जसेच्या तसे, आणि त्यांच्यासमोर दहाबारा वर्षांची एक मुलगी झुल्याला गुडघ्यांनी लटकून, खाली वेणी सोडून, शिक्षिकेच्या आकड्यांबरोबर श्वास मोजत होती. मला राहून राहून आठवत होते ते आपल्या जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे, ज्यांनी १८८० च्या सुमारास ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. एक गोष्ट मात्र नाटकवाल्याच्या कानाला लगेच खटकली. शिक्षिका भराभर बोलू लागली की शब्द एकमेकांत मिसळून जात. दगडी भिंती आणि उंच छत यांमुळे स्वर तिथे फुलतो, पण संवाद पुसट होतो, आणि म्हणून अशा ठिकाणी जाड पडद्यांचा खर्च आधीच धरावा लागतो. बातमीतल्या छायाचित्रात हे दिसत नाही.

आता सांगलीकडे वळतो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांपुढे सादर केले तेव्हा सांगलीत नाट्यगृह नव्हते. मराठी रंगभूमी दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या वास्तूतच जन्मली. आज आपल्याकडे नाट्यगृहे आहेत, पण प्रयोग होतो एका संध्याकाळी आणि तालमी चालतात दोन महिने. गेल्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेची आमची तालीम एका मंगल कार्यालयाच्या भांडाराच्या खोलीत झाली. एका बाजूला घडीच्या खुर्च्यांची चळत, दुसरीकडे पालथी घातलेली पातेली, आणि मधल्या दहा बाय बारा फुटांत खडूने आखलेला दिवाणखाना. लग्नाची तारीख आली की खोली रिकामी करायची, परत येईपर्यंत खडू पुसलेला, आणि आमची नायिका दाराऐवजी भिंतीतून आत येणारी. याच शहरात मोठ्या सोप्यांचे वाडे, पडदा उतरलेली चित्रपटगृहे आणि पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळांच्या खोल्या कुलपात आहेत. पावसाळ्यागणिक त्यांची कौले सरकतात आणि तुळयांना वाळवी लागते.

देवळाच्या किंवा न्यासाच्या जागेत कला आली की पावित्र्य जाईल, ही शंका निदान आपल्या भागात कोणी काढू नये. मिरजेत अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत महोत्सव भरतो आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात. कायद्याची अडचण खरी आहे, पण तिला वाट आहे. सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्याहून कमी मुदतीचा करार करून सुरुवात करता येते.

इंग्रजांची नक्कल जशीच्या तशी करण्यात मात्र अर्थ नाही, कारण त्यांची अडचण छपराची आणि आपली जोत्याची. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले. २०१९ मध्ये तर आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमची वेशभूषेची ट्रंक तेव्हा चार दिवस पाण्यात होती आणि पेशव्यांच्या अंगरख्याचा रंग सावित्रीच्या लुगड्याला लागला, तो अजून आहे. म्हणून नदीकाठच्या वाड्यात तालीम-केंद्र करायचे तर विजेचा बोर्ड माणसाच्या डोक्याहून वर हवा, रंगमंच सुटे करून माडीवर नेता येणाऱ्या फळ्यांचा हवा आणि गालिचा मुळीच नको. दिवे टांगायला जुन्या सागवानी तुळईत खिळा मारण्यापेक्षा जमिनीवर उभा राहणारा लोखंडी नळ्यांचा सांगाडा करावा, म्हणजे वास्तूला भोक पडणार नाही आणि उद्या वापर बदलला तर तो उचलून नेता येईल.

अशा वास्तूंचे मालक, विश्वस्त आणि शहराचा कारभार पाहणारे यांना माझी विनंती एवढीच आहे की, एका वास्तूपासून सुरुवात करावी. स्पर्धेच्या हंगामात, पाच नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या आधीचे दोन महिने, संध्याकाळी सहा ते नऊ अशी वेळ द्यावी. विजेचे बिल आम्ही हौशी मंडळी वाटून घेऊ, झाडलोटीची पाळी लावू आणि रोज कोण आले, कोणी कुलूप लावले याची वही ठेवू. किल्ली कोणाकडे राहील हे त्यांनी ठरवावे; नऊच्या ठोक्याला ती परत पोहोचवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला नम्र,
एक हौशी रंगकर्मी, सांगली