बूट कुणी नेला

प्रिय बाळा,

काल फोनवर तू वैतागून म्हणालास, "आई, ते बुटाचं पुस्तक आज अकराव्यांदा वाचलं. चोर कोण हे लेकीला पाठ आहे, तरी पुन्हा पहिल्या पानापासून! रहस्यच उरलं नाही, मग मजा कसली?" तेव्हा मी नुसती हसले. नंतर मात्र ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

ते पुस्तक तुझंच आहे, आठवतं का? मीच माळ्यावरून काढून पाठवलं. मधल्या एका पानाचा कोपरा गेलाय, तो तू चावून खाल्ला होतास. बदकाचा लाल बूट हरवतो, ते सगळ्यांना विचारत फिरतं आणि प्रत्येक पानावर कुठे ना कुठे लाल नाडीचं टोक डोकावत असतं. गवतात, पिंपामागे, एकदा तर मेंढीच्या पोटाखाली. मजकुरात मात्र नाडीचा उल्लेखसुद्धा नाही.

मला ती नाडी दिसलीच नव्हती. चार दिवस वाचून दाखवत होते, पण माझे डोळे अक्षरांवर. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुझे डोळे चित्रभर हिंडायला मोकळे. पाचव्या दिवशी तू त्या टोकावर बोट ठेवलंस आणि हळूच माझ्याकडे पाहिलंस. बोलला नाहीस. आणि मी काय केलं? "अय्या, नाडी! म्हणजे उंदरानं नेला! थांब, इथे पण आहे बघ, आणि इथे…" करत सगळी पानं भराभरा उलटून मोकळी झाले. तू माझ्या हातातून पुस्तक घेतलंस, मिटलंस आणि त्यावर चक्क बसलास. दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाहीस.

मी बालवाडीत शिकवत होते रे तेव्हा! तरी कळायला ते दोन दिवस जावे लागले. आपल्या रहस्यकथेत लेखकाला माहीत असतं आणि आपल्याला नसतं. लहानांच्या या पुस्तकांत पुष्कळदा उलटं असतं. चित्र पाहणाऱ्याला सगळं दिसतं, गोष्टीतल्या पात्राला काही कळत नाही आणि वाचून दाखवणारं मोठं माणूस तर ठार आंधळं. पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं 'रोझीज वॉक' बघ. कोंबडी फिरायला निघते, एवढंच. सगळा मजकूर मिळून एकच वाक्य. तिच्या मागे लागलेला कोल्हा चित्रात पानोपानी आहे, पण शब्दांत एकदाही येत नाही. तो बघायचं काम पोराचं. घरात ज्याला कुणी काही विचारत नाही, त्याला एवढा मान आणखी कुठे मिळतो?

आता तुझ्या अकरा वेळांचं. तू सांगत होतास, ती बदकावर ओरडते, "तिकडे नाही रे, मेंढीखाली बघ!" त्याला ऐकू येत नाही म्हणून रागावतेसुद्धा. साडेतीन वर्षांची आहे ती. १९८३ साली विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली होती. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याची आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? अगदी लहान मुलं म्हणाली, नव्या कपाटात. मला माहीत आहे ना, मग त्यालाही असणारच! चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास हळूहळू उमगायला लागतं की माझ्या डोक्यातलं त्याच्या डोक्यात नसतं. तुझी लेक त्याच उंबरठ्यावर आहे. एके दिवशी ती ओरडणार नाही, तोंडावर हात ठेवून खुदकन हसेल आणि तुझ्या कानात सांगेल, "त्याला माहीतच नाहीये!" चोर कोण हे पाठ झाल्याशिवाय हे बघायला सवड कुठून मिळणार? म्हणून वाच. विसाव्यांदा वाच.

फक्त सावकाश. चित्रांची पुस्तकं बहुतेक ३२ पानांची का असतात, माहीत आहे? छापलेला मोठा कागद घड्या घालून कापला की ८, १६, ३२ अशी पानं होतात. एवढ्याशा जागेत गुपित लपवायचं म्हणून चित्रकार पान उलटण्याचा उपयोग करून घेतो. उजव्या पानावर "दारामागे कोण?" आणि उलटल्यावर उत्तर. तुम्ही लोक मोबाईलवर अंगठा फिरवल्यासारखी पानं उलटता. कोपरा धरून थांबायचं. तिला हवं तर तिनं उलटावं, नाहीतर मागे जावं. ज्यानं नाडी शोधली तो मागे जाऊन तपासणारच, तोच खरा तपास.

आणि मधूनमधून "हा रंग कोणता? मेंढ्या किती?" विचारू नकोस. गुप्तहेराची तोंडी परीक्षा कुणी घेत नाही. ती म्हणाली, बूट ढगानं नेला, तर ढगानं नेला. "का बरं वाटलं तुला?" एवढं विचार आणि गप्प बस. अडाण्याचं सोंगही बेतानंच घे. मी एकदा फारच डोळे मोठे करून "बाई गं, कुणी नेला असेल?" म्हटलं, तर तू शांतपणे म्हणालास, "आई, तुला माहीत आहे."

पुठ्ठ्याच्या आतली पहिली पानं तू उलटून टाकतोस ना? तिथे थांब. उंदीर तिथेच आहे, अनवाणी.

आणि ते कोपरा गेलेलं पान. तिथेही नाडी होती, ती तुझ्या पोटात गेली. लेकीला विचार, त्या कोपऱ्यात कुठे लपली असेल म्हणून. मला माहीत आहे. तिनं फोनवर कितीही विचारलं तरी सांगणार नाही.

तुझी,
आई