ज्यानं पाणी मागितलं त्या पोरास

9 नोव्हेंबर 2019, तुळशीच्या लग्नाचा दिवस

बाळा,

तुझं नाव विचारायचं राहिलं. म्हणून हे पत्र असं उघडं लिहावं लागतंय. तुमच्या कॉलेजच्या शिबिरातल्या पन्नास पोरांमधला तू एक. पाथर्डीकडचा, टोपी उलटी घालणारा, उजव्या तळहाताला रुमाल बांधलेला. एवढ्यावरून तुझं तुला कळेल. बाकीच्यांनीही वाचा रे, तुमच्याही वाटणीचं यात आहे.

मी पलूस तालुक्यातली, कृष्णाकाठची अंगणवाडी सेविका. तेवीस वर्षं लेकरांना खाऊ वाढतेय. हे सांगायचं कारण पुढं येईल.

ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथं 45 फूट ही धोक्याची पातळी. आमच्या गावात जुनी माणसं 2005 सालच्या पुराची खूण धरून बसली होती. शाळेच्या भिंतीवर रंगानं रेघ मारलेली आहे. त्या रेघेच्या वर पाणी येत नाही म्हणून आम्ही धान्याची पोती, शिलाई मशीन, अंगणवाडीची रजिस्टरं सगळं त्या मापानं उंचावर ठेवलं आणि नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. आठवड्यानं परत आलो तर ती रेघच गाळाखाली होती. मागची भिंत आडवी. उसाच्या पोंग्यात गाळ बसून उभा ऊस कुजलेला. आणि वास. तो वास तुम्ही आलात तेव्हा बराच कमी झाला होता बरं का, तरी तुमच्यातल्या दोघीजणी पहिल्या दिवशी नाकाला ओढणी बांधून होत्या.

मग मदत आली. खोटं कशाला बोलू, भरपूर आली. तांदूळ आले, चादरी आल्या, बिस्किटांचे पुडे तर इतके की लेकरं ते बघून तोंड फिरवायला लागली. ज्यांनी मनापासून दिलं त्यांचे उपकार आहेतच. पण एका गाठोड्यातून शाळेचे टाय निघाले, सोळा. एकातून टिकल्या-टिकल्यांचा पार्टीचा झगा. ग्रामपंचायतीपुढं जुन्या कपड्यांचा ढीग पडला, त्यावर शेवटी शेळ्या बसायच्या. एका मोठ्या शहरातून तुमच्यासारखीच पोरं बसनं आली होती. सगळ्यांचे टी-शर्ट सारखे, पुढं बॅनर. मला किट दिलं, फोटो काढला आणि म्हणाली, "काकू, तुमचे डोळे मिटलेत, परत एकदा घ्या ना." मी किट परत दिलं आणि परत घेतलं. चहा ठेवते म्हटलं तर "नको नको, आमचं पाणी आमच्याकडं आहे." त्यांचंही चुकलं नाही म्हणा. तेव्हा विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, टाकूनसुद्धा पाणी प्यायची आमचीच छाती होत नव्हती. पण मन खट्टू व्हायचं ते झालंच.

पंचनाम्याला आलेले साहेब तर चिखलात उतरलेच नाहीत. रस्त्यावरूनच विचारलं, भिंत पूर्ण पडली की अंशतः? मी म्हटलं, मागची पूर्ण पडली, पुढची उभी आहे. लिहिलं 'अंशतः'. आता आम्ही अंशतः घरात राहतोय.

21 ऑक्टोबरला मतदान झालं, तोवर दारात गाड्यांची रीघ होती. नंतर कुणी नाही. निकाल लागून पंधरवडा उलटला, मुंबईत अजून खुर्चीचंच चाललंय. वरनं दिवाळीतही पाऊस सुटेना. ओल्या भिंतीला पणती लावायची म्हणजे काय असतं ते आमच्या गल्लीला विचारा.

आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. दिवाळीच्या सुट्टीत. कॉलेजची पोरं सुट्टीत घरी लोळतात, आईच्या हातचं खातात. तुम्ही शाळेच्या फरशीवर सतरंज्या टाकून झोपलात. शाळेला सुट्टी होती म्हणून ती जागा तरी मिळाली, तीही आधी तुम्हीच धुऊन काढली. खरं सांगते, ट्रकमधून खोरी-घमेली उतरताना बघून मी शेजारणीला म्हटलं होतं, "आले बघ, आता बॅनर कुठं लावतात ते बघू." तुमच्या सरांनी उद्घाटनाच्या भाषणात राष्ट्रीय सेवा योजनेला 50 वर्षं झाल्याचं सांगितलं. गांधीजींच्या जन्मशताब्दीला, 1969 साली, 37 विद्यापीठांतल्या 40 हजार पोरांवर सुरू झाली म्हणे. आम्ही मान हलवली. तीन महिन्यांत भाषणं ऐकून मान आपोआप हलायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी तुमची रांग आमच्या गल्लीत लागली. गटारात बसलेला गाळ वाळून दगड झाला होता. एकानं पहार घालायची, एकानं खोऱ्यानं ओढायचं आणि पुढं हातोहात घमेली. मी दारात बसून बघत होते. कंबर धरलेली, उठवत नव्हतं. आणि तू रांगेतून बाहेर आलास, उंबऱ्याबाहेर चपला काढल्यास, चिखलाचे पाय बघून आत यायला लाजलास आणि म्हणालास, "मावशी, प्यायला पाणी मिळंल का?"

रांगेच्या शेवटी तुमच्या पाण्याचा जार ठेवलेला होता. मला तिथून दिसत होता.

मी उठले. कशी उठले ठाऊक नाही. गाळात सापडलेला, पोचे पडलेला पितळी तांब्या चिंचेनं दोनदा घासला, फडकं दुहेरी करून पाणी गाळलं आणि आणून दिलं. तू वरून घटाघटा प्यायलास. अर्धा तांब्या उरला. तो तू आमच्यासारखा अंगणात भिरकावला नाहीस. इकडं तिकडं बघितलंस आणि वृंदावनाच्या फुटक्या कोपऱ्यातनं तुळशीच्या बुडात ओतलास. मी बघतेय हे बघून म्हणालास, "आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर होता, मावशी. गुरं छावणीत होती. सवय लागलीय."

एकाच वर्षात तुमच्याकडं गुरांना पाणी नाही म्हणून छावण्या, आणि आमच्याकडं गुरांच्या गळ्यातली दावी कापून त्यांना पाण्यात सोडायची पाळी. त्या पाण्यानं आम्हाला उघड्यावर आणलं होतं. ऑगस्टपासून पाणी या शब्दालाच मी शिव्या घालत होते. तुझ्यासमोर गप्प बसले.

आता ते कारण. तेवीस वर्षं माझ्या हातात पळी आहे. माझ्यापुढं लेकरांनी ताटली धरायची आणि मी वाढायचं. या तीन महिन्यांत मी पिशवी धरून रांगेत उभी राहिले. घेताना मान खाली घालायची सवय इतक्या लवकर लागते, मला कल्पना नव्हती. रांगेत ओळखीचं कुणी दिसलं तर दोघी एकमेकींना न बघितल्यासारखं करायचो. त्या दिवशी तू हात पुढं केलास आणि माझ्या घरात द्यायला काहीतरी आहे हे मला कळलं. संध्याकाळी मी डबे चाचपले. मूठभर रवा निघाला, शेजारणीनं साखर दिली. तिसऱ्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर चिमूट-चिमूट शिरा पडला. चाटण्यापुरताच होता, तरी एकानंही "नको, राहू दे" म्हटलं नाही. मग समोरच्या आजी चिडल्या, की पोरं हिच्याकडंच का खातात. चौथ्या दिवसापासून गल्लीत पाळ्या लागल्या, आज चहा कुणाचा, उद्या धपाटी कुणाची. पुरानंतर आमच्या गल्लीत झालेलं ते पहिलं भांडण. फार बरं वाटलं.

सेवा योजनेत तुम्हाला वर्षाला जे 120 तास काम करावं लागतं, त्यांत हे सगळं कुठल्या रकान्यात बसवतात कोण जाणे. तुमच्या सरांना सांग, अंगणवाडीची भिजलेली रजिस्टरं पानं सुटी करून दोरीवर वाळत घातलेल्या त्या दोन मुलींचे तास दुप्पट धरा म्हणावं. निम्म्या लेकरांच्या वजनाच्या नोंदी वाचता येतात आता. आणि चांगुलपणा कुणी शिकवत नाही असं म्हणतात, पण तुझ्या घरी कुणीतरी तुला मागायला शिकवलंय. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

आज तुळशीचं लग्न. मांडवाला ऊस माळावरच्या रानातनं आणलाय, नदीकडचा धड राहिला नाही. वृंदावनाचा कोपरा आमच्यांनी सिमेंटनं बुजवला. थोडा वाकडाच बुजलाय, पण तुळशीला नवे तुरे आलेत.

आणि शाळेमागच्या दोरीवर एक निळा टॉवेल राहिलाय, कडेला विटलेला. धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलाय. तुझा असो की आणखी कुणाचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन घेऊन जा. पोस्टानं पाठवणार नाही.

तुझी,
पाणी दिलेली मावशी